न वाजलेला भोंगा

मी भोंगा बोलतोय. बोलतोय हे आपलं म्हणायला. मला बोलता येत नाही, फक्त ओरडता येतं, आणि तेही एकाच सुरात. गोड नाही, लाडिक नाही. ऐकणाऱ्याने दात-ओठ खावेत असा. मला घडवलंच तसं आहे.

गिरणीचा भोंगा वेगळा, सभेचा वेगळा. मी विमानातला. कॉकपिटमध्ये डाव्या खुर्चीच्या मागे, पत्र्याआड माझी जागा. जीव मुठीएवढा. प्रवाशांना माझा पत्ता नसतो आणि वैमानिकांना मी नकोसा असतो. तरी माझ्यावाचून विमान जागचं हलवायचं नाही, असा नियम आहे. केवढा मान! नियमातला.

आधीच सांगून ठेवतो, मी काही शांतपणे सांगणार नाही. माझ्या नाकावर राग आहे. मला नाक नाही हे मला ठाऊक आहे, पण राग आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. तिथे एक बाई कानांवर जाडजूड झाकणं लावून बसायच्या. प्रत्येक नव्या भोंग्याला वीज द्यायची, ओरडू द्यायचं, काटा बघायचा आणि पास की नापास ते ठरवायचं, हे त्यांचं काम. माझ्या आधीचा घोगरा निघाला, त्याला टोपलीत टाकलं. मला वीज दिली तेव्हा कान झाकलेले असूनही बाईंनी मान मागे घेतली.

“अगं बाई! हा तर आमच्या सासूबाईंना मागे टाकतोय,” त्या शेजारणीला म्हणाल्या.

“मग पास कर. अशा आवाजानेच माणसं जागची हलतात,” शेजारीण म्हणाली.

मी पास झालो. त्या दोघींना माझं मोल कळलं होतं. पुढे भेटलेल्या मोठमोठ्या साहेबांना ते कळलं नाही.

माझं काम एकच आहे आणि समजायला सोपं आहे. विमानाच्या पंखांना मागच्या कडेला लांबलचक पट्ट्या असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. उडण्याआधी त्या खाली सरकवायच्या, म्हणजे पंख रुंदावतो आणि कमी वेगातही विमानाचं ओझं पेलतो. त्या न सरकवता भरलेलं विमान दामटलं तर ते धावेल, नाक वर करेल, चाकंही जमीन सोडतील कदाचित. पण वर चढणार नाही. म्हणून फ्लॅप वर असताना कुणी इंजिनांचा जोर वाढवायच्या दांड्या पुढे ढकलल्या, की मी बोंब मारायची. समोरचा ऐकेपर्यंत मारायची.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. मोठ्या कंपनीच्या विमानात होतो. एकदा पिकल्या केसांचे एक कॅप्टन फ्लॅप विसरले. घरी नातू झाला होता, त्याच आनंदात होते. मी बोंब ठोकली. त्यांनी दांड्या झटकन मागे घेतल्या, विमान बाजूला नेलं आणि रुमालाने कपाळ पुसलं. उतरल्यावर स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितलं, “आज मी सगळ्यांना घेऊन गेलो असतो. या भोंग्याने वाचवलं.” त्यांचं वय झालं होतं, पण लाज शाबूत होती. मला वाटलं, सगळे वैमानिक असेच असतात.

मग विमान जुनं झालं आणि माझ्यासकट विकलं गेलं. नवा मालक म्हणजे एक लहान कंपनी. त्यांनी विमानाला झगझगीत रंग दिला, खुर्च्या जवळजवळ सरकवून जादा रांगा कोंबल्या, आणि कॉकपिटकडे वळूनही बघितलं नाही. रंग बाहेरून दिसतो ना!

त्यांच्या विमानतळावर धावपट्टीकडे जाणारा रस्ता उखडलेला होता. चाकांखालून खडे उडायचे आणि खाली सरकवलेल्या फ्लॅपना लागून पोचे पडायचे. रस्ता कुणी दुरुस्त करायचा यावर विमानतळवाले आणि कंपनीवाले एकमेकांकडे बोट दाखवत बसले. तोवर वैमानिकांनी आपल्यापुरती तोड काढली. फ्लॅप वर ठेवूनच निघायचं आणि धावपट्टीच्या तोंडाशी पोचल्यावर खाली करायचे.

त्यात त्या रस्त्याला मध्येच चढ. भरलेलं विमान चढावरून न्यायचं तर दांड्या जराशा पुढे कराव्या लागायच्या. दांड्यांखाली माझा एक स्विच असतो, तो जागचा थोडा सरकला होता. दांड्या इतक्याशा पुढे झाल्या तरी त्याला वाटायचं, निघालं विमान उडायला. फ्लॅप वर, दांड्या पुढे. आता मी ओरडू नको तर काय करू? रोज त्या चढावर मी ओरडायचो आणि रोज शिव्या खायचो.

मिस्त्री भला माणूस होता. विमानाची देखभाल त्याच्याकडे. त्याने कंपनीच्या व्यवस्थापकांना कॉकपिटमध्ये आणून दाखवलं.

“साहेब, भोंगा चांगला आहे. त्याचा स्विच सरकलाय. दांड्यांची सगळी पेटी उघडावी लागेल. विमान दोन दिवस माझ्याकडे द्या.”

“दोन दिवस?” व्यवस्थापक असे दचकले, जणू त्यांची किडनी मागितली. “अहो, हे विमान दिवसातून किती फेऱ्या करतं माहितीये ना? बघू पुढच्या महिन्यात.”

तो पुढचा महिना काही आला नाही. मिस्त्री प्रत्येक वेळी विचारायचा आणि ते प्रत्येक वेळी घड्याळ बघायचे. शेवटी मिस्त्रीनेही विचारणं सोडलं. घरात खाणारी तोंडं होती, नोकरी गमवायची नव्हती. त्याचा मला राग नाही असं मी म्हणणार नाही. पण थोडाच आहे.

मग मास्तर पुढे सरसावले. मास्तर म्हणजे कंपनीचे मुख्य वैमानिक. सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं, म्हणून नाव मास्तर. रुबाबदार माणूस, चेहऱ्यावर कायम ‘मी आहे ना’ असा भाव. तुमच्या घरात फ्यूज असतो, तसं माझ्या विजेचं एक काळं बटण डाव्या खुर्चीच्या मागे भिंतीवर होतं. ते बाहेर ओढलं की मी मेलो, आत दाबलं की जिवंत. मास्तरांनी डावा हात खांद्यावरून मागे नेला, न बघता ते बटण चिमटीत धरलं आणि ओढलं. माझा सूर घशातच राहिला.

“झोपवला,” मास्तर म्हणाले आणि दुसऱ्या हातातल्या कॉफीचा घोट घेतला. “याला गप्प करायला मला डोळे लागत नाहीत.”

सगळे हसले. आणि ती रीत पडली. निघताना भोंगा झोपवायचा, चढ पार करायचा, धावपट्टीच्या तोंडाशी फ्लॅप खाली करायचे आणि बटण परत आत दाबायचं. मास्तरांनी प्रत्येक नव्या कॅप्टनकडून तो हात घोटून घेतला. खांद्यावरून मागे, चिमूट, ओढ. विमान उतरवायला शिकवतात तितक्याच मन लावून.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. कॉकपिटमधलं सगळं बोलणं एक नारिंगी डबा टिपून ठेवतो. “याबद्दल तोंडाने चकार शब्द काढायचा नाही. त्या डब्याला कान आहेत,” मास्तर बजावायचे. म्हणून खूण ठरली. धावपट्टीवर वळताना सहवैमानिकाने आपल्याच खांद्यावर बोटाने टकटक करायचं. म्हणजे, बटण आत दाबा. कॅप्टनने दाबायचं आणि मान हलवायची. म्हणजे, दाबलं.

चूक नसती तर खुणा कशाला लागल्या असत्या? जे काम बिनदिक्कत असतं ते माणूस मोठ्याने बोलून करतो. पण हे विचारायला मला तोंड कुठे होतं, ते तर त्यांच्या चिमटीत.

अशात ती आली. सहवैमानिक, नवी, अंगाने बारीक आणि जिभेला धार. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिला ती करामत दाखवली.

“पण सर, हा बिघडलाय तर दुरुस्त करू या ना. झोपवायचा कशाला?”

“बिघडलेला नाही तो. आगाऊ आहे, तुझ्यासारखा.”

“मग त्याचं ऐकू या.”

“मिरची आहे ही पोरगी!” मास्तर मोठ्याने हसले. त्या दिवसापासून तिचं नाव मिरची पडलं.

मिरचीचं आणि माझं चांगलं जमलं. रोज सकाळी, इंजिनं बंद असताना, दांड्या पुढे करून मला वाजवून बघणं हे तिचं काम. इतर जण ते नाक मुरडून करायचे. ती म्हणायची, “ओरड बाबा, घसा मोकळा कर. दिवसभर तुला कोण बोलू देणार आहे?” मी ओरडलो की म्हणायची, “शाब्बास!” सगळ्या आयुष्यात माझ्याशी बोलणारी ती एकटीच. आणि खांद्यावर टकटक केल्यावर, कॅप्टन बटण दाबतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती हात खाली घ्यायची नाही. तिच्या उजव्या खुर्चीवरून ते बटण तिच्या हाताला पोचत नव्हतं, नाहीतर तिने कुणाची वाटच बघितली नसती.

तिच्या आईला मी तिच्या फोनमधून ओळखायचो. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. जन्मभर त्या अजस्र यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून आईचे कान अधू झालेले. त्यामुळे त्या फोनवर बोलायच्या नाहीत, पुकारायच्या.

“कॉलरला खळ घातलीय मी! मान वेडीवाकडी करून झोपू नकोस विमानात!”

“अगं आई, मी विमान चालवते, झोपत नाही. आणि हळू बोल, मागचे प्रवासीसुद्धा ऐकतायत!”

“ऐकू देत! काय चोरी आहे?”

मला ती बाई फार आवडायची. माझ्याच जातीची.

आता त्या दिवसाचं सांगतो. सांगायचंय म्हणूनच तोंड उघडलंय.

सकाळी मिरचीने मला वाजवलं. मी वाजलो. खणखणीत वाजलो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मोठमोठी माणसं हेच नाकारणार आहेत.

त्या दिवशी डाव्या खुर्चीवर काका होते. काका म्हणजे कॅप्टन, सगळ्यांचे लाडके, विनोदी, मास्तरांचे जुने चेले. निघताना त्यांनी खांद्यावरून हात मागे नेला आणि मला झोपवलं. चढ पार झाला. पण पुढे धुकं उतरलं आणि विमानं एकामागे एक खोळंबली. अर्धा तास गेला, वर आणखी वेळ गेला. कॉकपिटच्या उघड्या दारातून मागचं दिसत होतं. पहिल्या रांगेत एक म्हातारं जोडपं खिडकीच्या जागेवरून भांडत होतं. “तुला दिसतंय काय धुक्यात?” “मग तुम्हालाही दिसत नाही, द्या मला!” शेवटी आजोबा उठले आणि आजी खिडकीशी बसल्या. मग हवाई सेविकेने दार लावून घेतलं.

धुकं एकदम फाटलं. ऊन थेट काचेतून आत आलं, म्हणून काकांनी काळा चष्मा लावला. उडण्याआधी यादी वाचून करायची एरवीची प्रश्नोत्तरं झाली. “इशारा भोंगा?” काकांनी विचारलं. “तपासला,” मिरची म्हणाली, आणि ते खरं होतं. उरलेली शेवटची प्रश्नोत्तरं, फ्लॅपची, ती तर धावपट्टीच्या तोंडाशी करायची रीत.

तिथे पोचले आणि टॉवरमधून घाई सुरू झाली. मागून एक विमान उतरतंय, लगेच निघा, नाहीतर पुन्हा थांबा. मिरचीने काकांकडे बघत खांद्यावर टकटक केलं. त्याच क्षणी टॉवरवाला काकांच्या कानात काहीतरी सांगत होता. काकांनी टॉवरला होकार देताना मान हलवली.

मान हलली, ती टॉवरसाठी. तिला वाटलं, तिच्यासाठी. काळ्या चष्म्यामागे डोळे कुणाकडे आहेत ते दिसत नव्हतं. रोज डोळ्यांनी बघणारी पोरगी त्या एका दिवशी मानेवर विसंबली. आणि या गडबडीत फ्लॅपचं दोघेही विसरले.

विसरले म्हणून मी रागावलो नाही. माणूस विसरतो. नातू झाला म्हणून विसरतो, धुकं आलं म्हणून विसरतो, काही कारण नसतानाही विसरतो. माणूस विसरणार हे कुणा शहाण्याने आधीच ओळखलं होतं, म्हणून तर मला तिथे बसवलं. मी चिडलोय ते वेगळ्याच गोष्टीवर.

काकांनी दांड्या पुढे ढकलल्या. पूर्ण ढकलल्या. ज्या एका घटकेसाठी मला घडवलं, तपासलं, पास केलं, ती घटका आली होती. फ्लॅप वर, दांड्या पुढे, मागे एवढी माणसं. आणि माझ्या तारेत वीज नव्हती. मी पत्र्याआड एखाद्या दगडासारखा बसलेला. बाहेर धावपट्टीवरच्या पांढऱ्या खुणा सरसर मागे पळत होत्या. थांबवायला वेळ होता. पुष्कळ वेळ होता. मला फक्त एक श्वास हवा होता, आणि तो माझ्यापासून वीतभर अंतरावर, बटणाच्या पलीकडे अडकला होता.

नाक वर झालं. चाकं सुटली. विमान दारुड्यासारखं झुललं.

“फ्लॅप!” मिरची किंचाळली. माझं काम तिने केलं. पण खालची धावपट्टी तोवर संपली होती.

धावपट्टीपलीकडे कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे गोदामं. पुढचं मी सांगणार नाही. शेपटीकडचे थोडे लोक वाचले. पुढच्या रांगांतलं कुणी वाचलं नाही. खिडकीसाठी भांडणारं ते जोडपंही नाही.

मी राखेत सापडलो. माझं कवच चेमटलं होतं, एक तार जळाली होती. बटणांची ती भिंत वितळून तिचा नुसता गोळा झाला होता. म्हणजे बटण आत होतं की बाहेर, याचा पुरावाच उरला नाही.

कंपनीला आणखी काय हवं होतं? त्यांनी लगोलग जाहीर केलं की भोंगा मुळातच सदोष होता, म्हणून वाजला नाही. नारिंगी डबा फक्त शेवटचा अर्धा तास लक्षात ठेवतो. सकाळी मी वाजलो होतो ते त्यात नव्हतं, खोळंब्यात पुसलं गेलं होतं. भोंग्याबद्दल त्यात होता तो मिरचीचा एकच शब्द, ‘तपासला’. मग कंपनीच्या वकिलांनी सरळ हिशेब मांडला. भोंगा मेलेला होता आणि ती म्हणते तपासला. म्हणजे तिने तपासलाच नाही. म्हणजे ती खोटं बोलली. सगळं खापर त्या एका शब्दावर फोडलं. गेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, तेव्हा त्याच्या तोंडात काहीही घालावं!

वर्तमानपत्रांत छापून आलं, ‘सहवैमानिकेची खोटी नोंद?’ प्रश्नचिन्ह टाकलं की छापायला मोकळे. त्या धुलाईखान्यातल्या बाया आईशी बोलताना खाली बघायला लागल्या. ज्यांची माणसं गेली होती त्यांच्यापैकी कुणीतरी घराच्या दारावर डांबराने एक शब्द लिहून गेलं. तो मी उच्चारणार नाही.

चौकशी एका सरकारी इमारतीतल्या लांबट खोलीत झाली. डोक्यावर पंखा, टेबलावर चहाचे कप, आणि कपांच्या मध्ये मी, पारदर्शक पिशवीत. चौकशीच्या प्रमुख एक बाई होत्या, गळ्यात दोरीला चष्मा. मास्तर साक्षीला आले होते. कडक इस्त्रीचा गणवेश, चेहऱ्यावर तोच भाव.

“तुमच्या कंपनीत भोंगा बंद करण्याची काही पद्धत होती का?” प्रमुख बाईंनी विचारलं.

“छे! असली गोष्ट माझ्या कानावर कधीच आली नाही,” मास्तर म्हणाले. “मी स्वतः सगळ्यांना शिकवलंय. माझ्या हाताखाली असं काही चालणं शक्य नाही.”

ज्या हाताने मला गप्प केलं तो हात टेबलावर शांत ठेवून हा माणूस हे बोलत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतर कॅप्टनही येऊन गेले, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. कुणाला आठवत नव्हतं, कुणी त्या दिवशी रजेवर होतं.

आई शेवटच्या बाकावर बसायच्या. बोलणारा हळू बोलला की त्या अर्ध्या उठून हात कानामागे धरायच्या. त्या दिवशी त्या पूर्ण उठल्या.

“हा भोंगा वाजतो की नाही, ते लावून बघा की!”

कंपनीचे वकील हसले. “बाई, तो जळालाय. त्याला वाजवून काही उपयोग नाही.”

“माझ्या पोरीला ओळखायला मला बोलावलंत, तेव्हा तीही जळालेलीच होती,” आई म्हणाल्या. “तेव्हा नाही कुणी म्हणालं, उपयोग नाही म्हणून.”

प्रमुख बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मिस्त्रींना बोलवा,” त्या म्हणाल्या.

मिस्त्री आला. त्याने मला पिशवीतून काढलं, जळकी तार तोडून नवी जोडली आणि टेबलावर वीज आणली. आईंकडे त्याने बघितलं नाही. वकील म्हणत होते, “माझा आक्षेप नोंदवून घ्या…”

मिस्त्रीने वीज दिली.

आणि मी ओरडलो. चढावरची सगळी गिळलेली बोंब, धावपट्टीवर न निघालेली बोंब, सगळी एकदम बाहेर आली. वकिलांनी दोन्ही कान दाबले. पंख्याखालचे कागद उडाले असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू, ते पंख्याने उडाले. चेमटलो होतो, भाजलो होतो, तरी सूर तोच होता. पास केलेला.

पण त्या खोलीत कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे मास्तरांकडे बघत होते.

मास्तरांचा डावा हात वर गेला होता. आपला आपणच. खांद्यावरून मागे, न बघता, आणि मागच्या रिकाम्या हवेत त्यांची चिमूट काहीतरी शोधत होती. एकदा शोधलं, सापडलं नाही, परत शोधलं. चेहऱ्यावर वैताग, गप्प कसा होत नाही हा म्हणून. त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की आपण आज साक्षीला आलोय.

प्रमुख बाईंनी मिस्त्रीला हाताने थांबवलं. मी गप्प झालो.

“काय शोधताय, कॅप्टन?”

मास्तरांनी मान वळवून आपल्या हाताकडे बघितलं. हात तसाच वर होता. “सवय…” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“कसली सवय?”

मास्तरांऐवजी मिस्त्रीच एकाएकी बोलायला लागला. स्विचचं, चढाचं, बटणाचं, खांद्यावरच्या खुणेचं, सगळं. बोलता बोलता रडायला लागला. उशिरा का होईना, म्हणतात लोक. मी नाही म्हणणार. उशीर म्हणजे काय ते मला विचारा.

आई बाकांमधून वाट काढत पुढे आल्या. आधी माझ्यापाशी थांबल्या.

“मला एका कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने नावाला,” त्या प्रमुख बाईंना म्हणाल्या. “मलासुद्धा हा ऐकू आला. मग माझ्या पोरीला आला नसता?”

मग त्या मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मास्तर उठले. एवढा उंच माणूस, पण कुठे बघावं ते कळेना.

“साहेब, माझी मुलगी फ्लॅप विसरली. ते मी मान्य करते. आता तुम्ही म्हणा, ती खोटं बोलली नव्हती.”

मास्तर काहीतरी पुटपुटले.

“मोठ्याने म्हणा. मला कमी ऐकू येतं.”

“ती खोटं बोलली नव्हती.”

“अजून मोठ्याने.”

“ती खोटं बोलली नव्हती!” मास्तर ओरडले. आवाज फाटला. बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं दारात येऊन बघायला लागली.

“आता आलं ऐकू,” आई म्हणाल्या आणि आपली कापडी पिशवी उचलून निघून गेल्या.

पुढे अहवाल आला. मिरचीवरचा खोटेपणाचा डाग निघाला. फ्लॅप विसरल्याचा दोष दोघांवर राहिला आणि भोंगा बंद ठेवण्याच्या ‘चुकीच्या प्रथेबद्दल’ खेद व्यक्त झाला. खेद! एवढी माणसं गेली आणि यांना खेद झाला. मास्तरांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला, निरोपाला हार-तुरे मिळाले. व्यवस्थापक दुसऱ्या कंपनीत आणखी वरच्या खुर्चीवर गेले. तो रस्ता तसाच आहे, खडे अजून उडतात. आईंच्या दारावरचं डांबर मात्र कुणी पुसायला आलं नाही. ते त्यांनीच खरवडून काढलं, असं मिस्त्री सांगत होता.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय विमान उडवतो? नाही उडवत. पण गाडीत पट्टा लावा म्हणून सूचना वाजते, तेव्हा पट्टा पाठीमागून अडकवून बसता ना? धुराची घंटा स्वयंपाकघरात उगाच वाजते म्हणून तिचे सेल काढून रिमोटात घालता ना? घरातलं कुणी सारखं बजावत असेल तर त्याला किरकिऱ्या ठरवून मोकळे होता ना? तुमचाही डावा हात खांद्यावरून मागे जातोच आहे. तुम्हाला दिसत नाही, एवढंच.

माझं एकच मागणं आहे. मी गोड लागलो पाहिजे असं नाही. माझे लाड नकोत, हार-तुरे नकोत. मी ओरडलो तर चिडा, शिव्या द्या, पण आधी बघा मी का ओरडतोय. माझ्यात बिघाड असेल तर मला दुरुस्त करा. नुसतं गप्प करू नका.

हल्ली मी चौकशी कार्यालयाच्या लोखंडी कपाटात असतो, खालच्या खणात. पुरावा म्हणून जपून ठेवलंय. कपाटात ठेवण्याआधी तिथल्या कारकुनाने माझ्या दोन्ही तारा काढल्या आणि टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. मिस्त्री शेजारी उभा होता. त्याने विचारलं, तारा कशाला काढल्या?

“चुकून वाजायला नको,” कारकून म्हणाला आणि कपाट लावून घेतलं.